छपरावरचे ऊन आणि कोठारातले धान्य

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जबलपूर जिल्ह्यातील पाटण, शहापुरा भागांतील रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या पटांगणांत आणि गोदामांच्या आवारात उन्हाळी मूग पसरलेला दिसतो. दाणा वरून कोरडा दिसतो, पण आत ओल असते. शासकीय खरेदीसाठी मुगातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. वळवाची एक सर आली की पसरलेले धान्य गोळा करण्याची धावपळ उडते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पसरावे लागते. नर्मदेच्या खोऱ्यात मूग काढणीला येतो तो नेमका मोसमी पाऊस दाराशी उभा असताना. त्यामुळे शेतकऱ्याला ओल्या दाण्याचा तोटा सोसावा लागतो किंवा घाई करावी लागते.

त्या घाईतूनच एक अनिष्ट पद्धत रुजली. उभे पीक एकसारखे वाळावे आणि हार्वेस्टरने लवकर निघावे, म्हणून पॅराक्वाटसारखे तणनाशक उभ्या मुगावर फवारले जाऊ लागले. २०२५च्या जूनमध्ये हा विषय राज्याच्या पातळीवर चर्चेत आला. तणनाशकाच्या वापराचा मुद्दा पुढे करून मूग खरेदीबाबत शासनाने काही काळ हात आखडता घेतला. नंतर खरेदीचा निर्णय झाला. मात्र मूळ प्रश्न तसाच राहिला. पीक वाळवण्याचे साधन शेतकऱ्याच्या आवाक्यात नसेल, तर तो रसायनाकडे वळणारच. देशाचे तण संशोधन संचालनालय आणि जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय ही दोन्ही जबलपूरमध्येच आहेत. म्हणून हा प्रश्न तेथे अधिक बोचरा वाटतो.

हा प्रश्न जबलपूरपुरता नाही. १९५६पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांताचे भाग होते. गोंदिया, भंडारा, बालाघाट आणि जबलपूर हा सलग भातपट्टा आहे. सीमारेषा बदलली, तरी धानातील ओलावा आणि कोठारातील कीड बदललेली नाही. त्यामुळे जबलपूरच्या गोदामांच्या छपरावर काय बसवावे, या चर्चेचा पूर्व विदर्भातील शेतकरी उत्पादक कंपन्यांशी थेट संबंध आहे.

मोजणी विजेची, गरज उष्णतेची

गेल्या दहा वर्षांत सौरऊर्जा म्हणजे सौर वीज, असे समीकरण दृढ झाले आहे. जबलपूरच्या ईशान्येला असलेला रीवा येथील ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२० साली राष्ट्राला अर्पण झाला. तेथील विजेचा काही भाग दिल्ली मेट्रोला जातो. महाराष्ट्रात २०१७पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. २०१९ पासून देशभर पीएम-कुसुम योजनेतून सौर पंप आणि लहान सौर प्रकल्प उभे राहत आहेत. कारखाने, शीतगृहे, भातगिरण्या आणि गोदामे यांच्या छपरांवरही पॅनेल दिसू लागले आहेत. या प्रगतीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु या सर्व योजनांत मोजमाप एकच आहे, ते किलोवॉटचे. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या इमारतीला खरी गरज कशाची आहे, हा प्रश्न त्या मोजमापात बसत नाही.

भातगिरणी, डाळगिरणी, बीजप्रक्रिया केंद्र किंवा मसाला केंद्र यांच्या वाळवणीच्या विभागात सर्वाधिक ऊर्जा लागते ती उष्णतेच्या रूपात. पंखा फिरवण्यास वीज लागते, पण ती तुलनेने थोडी. सौर पॅनेल त्यावर पडणाऱ्या उन्हाचा सुमारे पाचवा भाग विजेत रूपांतरित करतो. हवा तापवणारा साधा सौर संग्राहक त्याच उन्हाचा ४० ते ५० टक्के भाग गरम हवेच्या रूपाने देतो. काळा रंग दिलेला पत्रा, त्यामागे हवेची पोकळी आणि एका टोकाला पंखा, एवढीच त्याची मूळ रचना असते. काही रचनांत पत्र्यावर काच असते. काहींत पत्र्यालाच असंख्य बारीक छिद्रे पाडलेली असतात आणि पंख्याच्या ओढीने हवा त्या छिद्रांतून आत शिरताना तापते. या दुसऱ्या प्रकाराच्या धातूच्या भिंती उत्तर अमेरिकेतील कारखान्यांत कित्येक वर्षे वापरात आहेत.

साधा हिशेब असा. एक टन धान १७ टक्के ओलाव्यावरून १४ टक्क्यांवर आणायचे, तर सुमारे ३५ किलो पाणी काढावे लागते. प्रत्यक्ष वाळवणीतील गळती धरली, तर एक किलो पाण्यामागे साधारण १.४ युनिट उष्णता लागते. म्हणजे एका टनाला सुमारे ५० युनिट. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १०० चौरस मीटर संग्राहकातून २०० युनिटच्या आसपास उष्णता मिळते. तिच्यात चार टन धान वाळते. तेवढ्याच जागेवर पॅनेल बसवले, तर दिवसाला ७० ते ८० युनिट वीज मिळते. ती वीज हीटरमध्ये घातली, तर जेमतेम दीड टन धान वाळेल. विजेवर चालणारा उष्णता पंप लावला, तर ही तफावत कमी होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याची किंमत आणि देखभाल ग्रामीण केंद्राला सहज पेलणारी नसते.

याचा अर्थ पॅनेल नकोत, असा नाही. १०० चौरस मीटर संग्राहकाच्या पंख्याला दोन-तीन किलोवॉट वीज पुरते. ती २५ चौरस मीटर पॅनेलमधून मिळू शकते. दोन्ही साधने एकत्र नांदली, तर वाळवणीचे केंद्र वीजजोडणीच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. आक्षेप आहे तो एकाच साधनाने सारे छप्पर झाकून टाकण्याला.

किडीच्या नजरेतून कोठार

कोठारातील किडीचा विचार केला, तर उष्णतेचा प्रश्न इंधनबचतीहून मोठा ठरतो. साठवणीतील बहुतेक कीटकांना २५ ते ३३ अंश सेल्सियस तापमान सर्वांत मानवते. धान्यात ओलावा असला की त्यांची वाढ झपाट्याने होते. तांदळातील सोंड्याला ओला दाणा लागतो. ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेला, तर त्याचे प्रजनन जवळजवळ थांबते. दाणे पोखरणारा भुंगेरा आणि पिठातील तांबडा भुंगेरा अधिक कोरड्या धान्यातही टिकतात, परंतु त्यांचाही वेग मंदावतो. अपवाद खपरा भुंगेऱ्याचा. अत्यंत कोरड्या धान्यातही त्याच्या अळ्या तग धरतात आणि फटींत दडून वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. त्यामुळे धान्य कोरडे केले की सर्व किडी संपल्या, असे समजणे चुकीचे ठरेल. पण कोरड्या धान्यात किडीचा भार बराच कमी राहतो, यात शंका नाही.

मुगाची गोष्ट आणखी वेगळी आहे. कडधान्यातील भुंगेऱ्याची मादी शेतातच, पक्व होत आलेल्या शेंगांवर अंडी घालते. वरून स्वच्छ दिसणारा मूग पोत्यात भरला जातो, तेव्हा काही दाण्यांच्या आत अळी आधीच असते. महिना-दीड महिन्याने पोत्यातून भुंगेरे बाहेर पडू लागतात आणि दोष गोदामाला दिला जातो. काढणीनंतरचे पहिले आठ-दहा दिवस म्हणूनच निर्णायक असतात.

उष्णतेचा कीटकांवर होणारा परिणाम चांगला अभ्यासलेला आहे. ३५ अंशांच्या पुढे बहुतेक जातींचे प्रजनन खुंटते. ४५ अंशांच्या आसपास त्या काही तासांत मरतात, तर ५० ते ६० अंशांत काही मिनिटांत. चवळीतील भुंगेऱ्यावर झालेल्या प्रयोगांत, ५७ अंश तापमान तासभर टिकले की अंड्यापासून प्रौढापर्यंत साऱ्या अवस्था नष्ट होतात, असे आढळले. उन्हात काळ्या आणि पारदर्शक प्लास्टिकच्या थरांत कडधान्य तापवण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. मे महिन्याच्या उन्हात धान्य तापवून मग कणगीत भरण्याची जुनी रीत याच अनुभवातून आली असावी.

याच्या उलट बाजूला फॉस्फीन वायू आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा हा वायू आज देशातील धान्यसाठ्यांचा प्रमुख आधार आहे. मिथिल ब्रोमाइडचा वापर माँट्रियल कराराखाली आवरला गेल्यावर हा भार अधिकच वाढला. परंतु दाणे पोखरणाऱ्या आणि तांबड्या भुंगेऱ्यांत फॉस्फीनविरोधी प्रतिकारक्षमता भारतातही नोंदली गेली आहे. गळक्या गोदामात, अपुऱ्या मात्रेत, पुन्हा पुन्हा धुरी दिली की ती बळावते. शिवाय हे विष शासकीय यंत्रणा आणि परवानाधारक कीड नियंत्रक यांनीच वापरावे, असा नियम आहे. तरीही त्याच्या गोळ्या घरोघरच्या कोठ्यांत पोहोचतात आणि त्यातून होणारे मृत्यू ग्रामीण रुग्णालयांना अपरिचित नाहीत. उभ्या पिकावर पॅराक्वाट आणि कोठारात फॉस्फाइड या दोन विषांच्या मधोमध वाळवणीचा टप्पा येतो. तो टप्पा नीट पार पडला, तर दोन्ही विषांची गरज घटते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने सौर उष्णतेचे खरे मोल येथे आहे.

मात्र येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी की धान्याचा ढीग उष्णतेचा वाईट वाहक असतो. भरलेल्या गोदामात गरम हवा सोडून कीड मारता येत नाही. वरचा थर तापतो आणि कीटक आत सरकतात. उष्णतेचा उपयोग पातळ थरात वाळवताना, रिकामे गोदाम भरण्यापूर्वी तापवून घेताना किंवा बारदान निर्जंतुक करताना होतो. रिकाम्या गोदामाचे तापमान ५० अंशांच्या वर सलग २४ तास ठेवण्यास एकटे ऊन पुरणार नाही. तेथे पूरक इंधन लागेल. दुसरी गोष्ट अशी की वाळवून गरम राहिलेले धान्य तसेच थप्पीला लावले, तर ते किडीसाठी उबवणी यंत्र ठरते. वाळवणीनंतर धान्य थंड केलेच पाहिजे. जबलपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते. ती कोरडी, थंड हवा पंख्याने धान्यातून खेळवली, तर फुकट शीतकरण होते. दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा, दोन्हींची सांगड घालण्यातच शहाणपण आहे.

दक्षिणेची भिंत आणि वरचे छप्पर

जबलपूर शहराच्या थोडे उत्तरेकडून कर्कवृत्त जाते. गोदामाच्या रचनेत या भौगोलिक सत्याचा क्वचितच विचार होतो. जूनच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही आणि छपरावर पूर्ण पडते. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४३ अंशांवर असतो. त्या वेळी दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर पडणारे थेट ऊन सपाट छपरावर पडणाऱ्या उन्हापेक्षा किंचित अधिकच असते.

यातून एक सोपी विभागणी सुचते. धानाची आवक नोव्हेंबर ते जानेवारी या काळात होते आणि शासकीय खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. या काळात आकाश बहुधा निरभ्र असते. दिवसाची हवा २५ अंशांच्या आसपास असते. दक्षिणेच्या भिंतीवर छिद्रित काळा पत्रा बसवला, तर हवेचे तापमान १५ ते २० अंशांनी वाढवता येते. म्हणजे ४० ते ४५ अंशांची हवा मिळते. धानाला एवढीच हवी असते. ४३ अंशांच्या फार पुढे गेल्यास दाण्याला चिरा पडतात आणि भरडताना कणीचे प्रमाण वाढते. बियाण्याच्या धानाची उगवणशक्तीही ४० ते ४३ अंशांच्या पुढे धोक्यात येते. सौर संग्राहकाची उष्णता मंद असते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. धानाच्या आणि बियाण्याच्या बाबतीत हाच त्याचा गुण आहे. भुश्शाच्या भट्टीत कामगाराची नजर चुकली की धान करपते. भिंतीवरच्या उन्हाला तेवढी आच नसते.

छप्पर मग पॅनेलसाठी मोकळे राहते आणि तेथे आणखी एक लाभ होतो. मे महिन्यात गोदामाचा पत्रा एवढा तापतो की हात लावता येत नाही. ती उष्णता खाली उतरून थप्पीच्या वरच्या पोत्यांना ऊब देते. रात्री तोच पत्रा झपाट्याने गार होतो आणि दमट दिवसांत त्याच्या आतल्या बाजूला दव धरते. ते थेंब वरच्या पोत्यांवर पडतात आणि बुरशीला वाट मिळते. पत्र्यापासून वीतभर उंचीवर, खालून वारा वाहील असे पॅनेल बसवले, तर छपराला सावली मिळते आणि हे दोन्ही दोष कमी होतात. पॅनेल स्वतःही थंड राहतात. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे पॅनेलची क्षमता ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. वैशाखात साठ-पासष्ट अंशांना पोहोचणारे पॅनेल दहा टक्क्यांहून अधिक वीज गमावते. पॅनेलच्या मागची गरम हवा पंख्याने ओढून वाळवणीस वापरली, तर एकाच उन्हाचे दोन उपयोग होतात.

मुगाच्या हंगामात मात्र भिंतीचा उपयोग नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस नसेल, तर ४० अंशांची कोरडी हवा पंख्याने दाण्यांतून खेळवणेच पुरेसे होते. त्या वेळी सौर विजेवरील पंखे आणि एक पक्के छप्पर, एवढेच लागते. ढग जमू लागल्यावर हवेत दमटपणा येतो आणि नुसती हवा दाणा सुकवू शकत नाही. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा केवळ दहा अंशांनी तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ४८ टक्क्यांच्या आसपास येते आणि ती पुन्हा ओल शोषू लागते. ढगाळ दिवशी छपरावरचा संग्राहक निम्मी उष्णता देईल, उरलेली भुश्शाच्या लहान भट्टीतून घ्यावी लागेल. असे जोड साधन लाजिरवाणे मानण्याचे कारण नाही. बैलगाडीलाही उतारावर ब्रेक लागतोच.

जबलपूरचे नाव आज हिरव्या मटारासाठी घेतले जाते. एक जिल्हा एक उत्पादन योजनेत या जिल्ह्यासाठी मटार निवडला गेला आहे. दर हिवाळ्यात आवक वाढली की भाव कोसळतो आणि मटार वाळवावा, अशी सूचना पुढे येते. येथे हिशेब तपासून पाहावा. सोललेल्या मटारात सुमारे ७५ टक्के पाणी असते. ते सात टक्क्यांवर आणायचे, तर टनामागे ७३० किलो पाणी काढावे लागते. म्हणजे धानाच्या वीसपट उष्णता लागते. १०० चौरस मीटर संग्राहकाला एक टन मटार वाळवण्यास पाच दिवस लागतील. हंगामाच्या टोकाला भाव पडल्यावर थोडा माल वाळवणे, एवढाच त्याचा उपयोग. मटारची खरी गरज गोठवणीची आहे आणि तेथे वीज लागते. म्हणजे मटारच्या केंद्रावर पॅनेल, धान-मुगाच्या केंद्रावर संग्राहक, असा विवेक हवा. एकच नकाशा सर्व इमारतींना लावणे, हे आजवरचे दुखणे आहे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की असा संग्राहक वर्षातील दोन-तीन महिनेच चालेल आणि भांडवल पडून राहील. एकाच पिकासाठी उभारलेल्या केंद्राच्या बाबतीत तो खरा आहे. पण जबलपूरच्या परिसरात नोव्हेंबर ते जानेवारी धान, पुढे बियाण्याचे हरभरा-गहू, मार्च-एप्रिलमध्ये मंडला-डिंडोरीकडील मोहफुले, मे-जूनमध्ये मूग, असे जवळजवळ आठ महिन्यांचे वेळापत्रक आखता येते. मोहफुले आज जमिनीवर, धुळीत वाळतात आणि त्यांचा भावही तसाच धुळीला मिळतो. केंद्र शेतकरी उत्पादक कंपनीचे असेल, तर हे वेळापत्रक आखणे तिच्याच हातात असते.

दुसरा आक्षेप किमतीचा. रस्त्यावरचे ऊन फुकट असताना पंखा आणि पत्रा कशाला, असे विचारले जाते. ते ऊन फुकट दिसते, एवढेच. रस्त्यावर वाळवताना पक्षी, जनावरे, धूळ आणि खडे यांचा हिस्सा जातो. एका पावसात भिजून पुन्हा वाळलेल्या धानाला चिरा जातात आणि तांदळाची कणी होते. मुगाचा रंग मळतो. हा तोटा कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून तो मोजला जात नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाळवणीचे केंद्र झाले, तरी मुगावरचे तणनाशक थांबेलच असे नाही, कारण हिरवे खोड हार्वेस्टरमध्ये अडकते. हे खरे आहे. म्हणून वाळवणीला काढणीच्या पद्धतीची जोड द्यावी लागेल. एकाच वेळी पक्व होणाऱ्या जाती, वेळेवर पेरणी, रीपरने कापून दोन दिवस ओळीत सुकवणे आणि मग मळणी, हा मार्ग आहे. त्यात दाणा १५-१६ टक्के ओलाव्याने घरी येतो. आज शेतकरी हा मार्ग टाळतो, कारण त्या ओल्या दाण्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. १६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणण्यासाठी टनामागे ४५ किलो पाणी, म्हणजे ६०-६५ युनिट उष्णता लागते. हे उत्तर गावाजवळ उपलब्ध झाले, तरच तणनाशकाविरुद्धचा उपदेश ऐकला जाईल.

अशा कामाची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. दक्षिण भारतातील चहाच्या कारखान्यांनी छपरात बसवलेल्या सौर संग्राहकांची गरम हवा पाने सुकवण्यास वापरून जळाऊ लाकूड वाचवले आहे. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत सौर तबकडीच्या उष्णतेवर दूध पाश्चरीकरणाचा प्रयोग झाला. मराठवाड्यातील महिला शेतकऱ्यांना सौर वाळवणी यंत्रे देऊन त्यांच्याकडील वाळलेला भाजीपाला विकत घेणाऱ्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या उद्योगाला २०२३ साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला. शेवटच्या उदाहरणात यंत्राइतकीच खरेदीची हमी महत्त्वाची होती. वाळलेल्या मालाला बाजार नसेल, तर उत्तम यंत्रही कोपऱ्यात गंजते.

कार्यकर्त्यांपुढील काम

धोरणाच्या पातळीवर एक बदल तातडीने हवा. शेतमाल प्रक्रिया इमारतींसाठीच्या सौर अनुदानात उष्णतेची गणना झाली पाहिजे. किलोवॉटबरोबर वाळवलेल्या मालाचे टन मोजले, तर संग्राहकालाही पॅनेलच्या पंक्तीत स्थान मिळेल. २०२० पासून कृषी पायाभूत सुविधा निधीतून प्राथमिक प्रक्रिया आणि गोदामांसाठी दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत मिळते. सहकारी क्षेत्रातील धान्यसाठवणुकीची मोठी योजना २०२३ मध्ये मंजूर झाली आहे. नवी गोदामे उभी राहतच आहेत. ती उभी राहतानाच दक्षिणेची भिंत मोकळी ठेवणे आणि छपराखाली हवा खेळण्याची सोय करणे जवळजवळ विनाखर्चाचे आहे. बांधून झाल्यावर तेच काम महाग पडते.

विस्तार कार्यकर्त्यांनी सल्ला देताना क्रम पाळावा. आधी गोदामाची गळती, फटी आणि स्वच्छता, कारण तेथेच खपऱ्याच्या अळ्या दडतात. नंतर ओलावामापक. तो नसेल, तर वाळवणी अंदाजपंचे होते. मग छपराची सावली आणि वायुवीजन. त्यानंतर पंखा आणि गरम हवा. आणि शेवटी उरलेल्या जागेवर विजेचे बिल कमी करणारे पॅनेल. आज हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा लागतो. छपरावर चकाकणारे पॅनेल दिसतात आणि खाली १५ टक्के ओलाव्याच्या पोत्यांत भुंगेरे वाढत असतात.

प्रगतिशील शेतकऱ्यांनी आणि उत्पादक कंपन्यांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मालाला किती अंशांची हवा हवी आहे? माझा माल कोणत्या महिन्यांत येतो आणि त्या महिन्यांत ऊन कोणत्या बाजूला असते? वाळवल्यानंतर धान्य थंड करण्याची सोय कोठे आहे? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याखेरीज सही करू नये. बियाण्याचा आणि खाण्याचा माल एकाच तापमानाला वाळवू नये, हेही केंद्रचालकाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.

नर्मदाकाठच्या प्रदेशात ऊन कमी नाही आणि धान्यही कमी नाही. दोन्ही एकाच आवारात, एकाच इमारतीच्या वर आणि आत असतात. तरीही त्यांची गाठ पडते ती डांबरी रस्त्यावर, पावसाच्या भीतीने. पुढच्या जूनमध्ये ढग दाटून येतील, तेव्हा पाटणच्या शेतकऱ्याला आपला ओला मूग घेऊन जाण्यासाठी छपराखालची एक जागा असावी आणि तेथे गरम हवा सोडणारा पंखा चालू असावा. मग पंपात तणनाशक भरण्यापूर्वी आणि पोत्यात गोळी टाकण्यापूर्वी त्याचा हात थांबेल.